नवसाची कालवड

सॅन होजे, ४ ऑक्टोबर

लाडक्या लिनो,

देव तुझं भलं करो. त्याला वेळ नसला तर तुझी आत्या आहेच.

तुझं पत्र काल पोचलं. हल्ली माझ्या पेटीत दोनच गोष्टी येतात, बिलं आणि "घर विकायचंय का" विचारणारी गुळगुळीत कार्डं. हाताने लिहिलेलं पाकीट बघून टपालवाली बाई मुद्दाम दार वाजवून देऊन गेली. तिला वाटलं कुणीतरी गेलं असणार.

फोन समुद्रात टाकलास म्हणे. कड्याखालच्या त्या गावात फोन लागतो कुठे? म्हणजे तू एक दगडच टाकलास, फक्त महागाचा. असो. आता पत्रंच लिहायची म्हणतोस, तर लिहू. त्याच गावच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, बाईंच्या छडीसकट. अक्षर वाकडं असेल, पण बोलायचंय ते सरळ पोचेल.

तर तू एकोणचाळिसाव्या वर्षी निवृत्त झालास. तुझे आजोबा म्हातारपणी गोठ्यातच गेले, धार काढता काढता. पडताना बादली तेवढी सांडू दिली नाही. मी एकाहत्तर वर्षांची, तुझ्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सूप वाढते. म्हणजे आमच्या घराण्यात आता आत्या कामावर आणि भाचा झोपाळ्यावर. माझा नवरा आर्तुर असता तर म्हणाला असता, देओलिंडा, पोराला दृष्ट लागली. मेला आधीच गेला म्हणून सुटला.

चेष्टा करते, पण तू काय केलंस ते मी बघितलंय. इतकी वर्षं माझ्या मागच्या खोलीत राहिलास, घेवडा-भात खाल्लास, एकच जॅकेट घातलंस. इथे एका गॅरेजचं जेवढं भाडं येतं तेवढ्यात तिकडे अर्धा डोंगर मिळेल, आणि तू तो हिशोब सोडून दुसरं काही बघितलं नाहीस. पठ्ठ्याने ठरवलं आणि करून दाखवलं. ते आपल्या घराण्यातच आहे.

तू गेल्यावर कॅन्टीनमध्ये काय झालं ते ऐक. तुझी साहेबीण, ती उंच मेरेडिथ, सूप घ्यायला आली. वाडगा पुढे केला आणि आवाज खाली आणून विचारते, लिनो बरा आहे ना? मी म्हटलं, ठणठणीत आहे, निवृत्त झालाय. तिने काउंटरवरून माझा हात दाबला. मयताच्या घरी दाबतात तसा. मागे उभे होते त्यांनीही माना खाली घातल्या.

मला हसू येत होतं, पण हातात डाव होता.

देओलिंडा


साओ जॉर्ज बेट, २६ ऑक्टोबर

तीया,

आशीर्वाद दे.

तू हसतेस तेवढी हस. मला इथे जे मिळालंय ते तुमच्या सॅन होजेत कुणाकडे नाही. आजोबांच्या घराचं छप्पर नीट केलं. सकाळी मनाला येईल तेव्हा उठतो. दोन काठ्या घेऊन कड्याच्या वाटेने फिरून येतो, ते सांध्यांना चांगलं असतं. जेवण तोलून-मापून खातो, वर व्हिटॅमिनच्या चार गोळ्या. दुपारी झोपाळ्यात झोप. संध्याकाळी भिंतीवर बसून समुद्र बघतो, तेव्हा सगळं गाव धारा काढायला निघालेलं असतं. कुणाचा मेसेज नाही, कुणाची मीटिंग नाही.

आणि लोक, तीया! इतकं प्रेम मी कधी बघितलं नव्हतं. शेजारची तीया बेल्मीरा रोज दुपारी कोंबडी उकळून काढलेलं पाणी घेऊन येते. गावात सगळ्या म्हाताऱ्यांना तीयाच म्हणायचं असतं हे मला तूच शिकवलंस, पण ही खरोखर सख्ख्या आत्यासारखी आहे. वाडगा देते, मी पिईपर्यंत समोर विणत बसते. म्हातारा जेर्मानो मला बघून टोपी काढतो. परवा त्याने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि घरापर्यंत आणून दिली, आणि तो सत्तरीच्या पुढचा आहे! पाद्री तीनदा भेटून गेले.

तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला माझं आडनाव माहीत नव्हतं.

बेल्मीराकडे एक म्हातारी गाय आहे आणि एक कालवड, मिमोझा. काळी-पांढरी, कपाळावर भोवरा. पहिल्यांदाच गाभण आहे. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तिच्यावरून ती मान टाकून मी काय खातो ते बघते.

तू पण ये. घर वीक. या वयात कशाला लोकांना सूप वाढतेस?

तुझा,
लिनो


सॅन होजे, १५ नोव्हेंबर

लाडक्या लिनो,

तुझं पत्र वाचून हसले, चष्मा पुसला आणि पुन्हा हसले. गॅरेजमधली भाडेकरीण बघायला आली, म्हातारीला काय झालं म्हणून.

अरे माझ्या हुशार भाच्या, तुला वाटतंय ते प्रेम आहे. प्रेम असेलही. पण ते तुला मरायला टेकलेला समजतायत.

त्या गावात कोंबडीचं पाणी दोनच माणसांना देतात. एक बाळंतिणीला, आणि एक ज्याचं काही खरं नाही त्याला. आणि तू बाळंतीण नाहीस.

आता त्यांच्या डोळ्यांनी बघ. चाळिशीच्या आतला तगडा बाप्या अमेरिका सोडून एकटाच परत येतो. काम करत नाही. दोन काठ्या टेकत चालतो. पथ्याचं खातो, गोळ्या घेतो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी समुद्राकडे बघत बसतो. तिथे डॉक्टरने हात टेकल्याशिवाय कुणी काम सोडत नाही. पाद्री तीनदा आले म्हणतोस ना? ते चहाला आले नव्हते. तू कबुलीजबाब कधी देतोस ते बघायला आले होते. आणि जेर्मानो टोपी काढतो तो तुझ्यासाठी नाही, तुझ्यामागे जे उभं आहे त्याच्यासाठी काढतो.

हसण्यावारी नेऊ नकोस. उद्याच्या उद्या दुकानात जाऊन सगळ्यांसमोर सांग की मी धडधाकट आहे. उशीर केलास तर कुणीतरी पवित्र आत्म्याला नवस बोलून बसेल. आपल्या लोकांना नवस बोलायला निमित्त लागत नाही आणि एकदा बोलला की तो कुणाच्या बापाला मोडता येत नाही.

घर विकायचं म्हणतोस, तर ते नंतर. आणि सूप मी का वाढते ते तुला सांगते. पूर्वी इथेच सॅन होजेत डोळ्याला भिंग लावून आम्ही बायका कॉम्प्युटरच्या चिपा जोडायचो, तेव्हा कुणी कुणाशी बोललेलं चालायचं नाही. आता डाव हातात असला की दिवसभर बोलते. इतक्या वर्षांची थकबाकी आहे.

देओलिंडा


साओ जॉर्ज बेट, ११ डिसेंबर

तीया,

उशीर झाला.

दुकानात गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं की मी ठणठणीत आहे, मला काही झालेलं नाही. सगळ्यांनी अगदी मायेने माना हलवल्या. दुकानदारणीने माझ्या पावाचे पैसे घेतले नाहीत. बाहेर पडताना मागून ऐकू आलं, असंच बोलतात ते, शेवटपर्यंत कबूल करत नाहीत.

मग मला राग आला. म्हटलं, तोंडाने सांगून कळत नसेल तर करून दाखवू. त्या दिवशी धक्क्यावर बेल्मीराची मक्याची पोती उतरली होती. मी एक खांद्यावर टाकलं आणि चढावर तिच्या गोठ्यापर्यंत नेलं. मग दुसरं. लोक दारात येऊन उभे राहिले. तिसरं पोतं ठेवून वर बघतो तर बेल्मीरा गोठ्याच्या दारात, ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसतेय.

"उठला," म्हणाली. "पोरगा उठला."

मग आत गेली, तांबडी फीत घेऊन आली आणि मिमोझाच्या शिंगाला बांधली.

तीया, तिने मृतांच्या सणाला चर्चमध्ये नवस बोलला होता. लिनो उठून पुरुषासारखं काम करायला लागला, तर मिमोझा पवित्र आत्म्याची. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाच्या सणाला ती कापणार, आणि पावावर तिचा रस्सा ओतून सगळ्या गावाला जेवण. वासरू होईपर्यंत थांबेल, एवढंच.

तुला माहीतच असेल पण लिहितो. तिची म्हातारी गाय आटत आलीय. मिमोझा गेली तर बेल्मीराकडे डेअरीला घालायला दूध उरत नाही. आणि सकाळी किटली घेऊन डेअरीला जाणं हेच तिचं सगळं आहे. जेर्मानो मला बाजूला घेऊन म्हणाला, ही बाई घरी बसली की संपली. माझ्यामुळे बसणार.

मला दुसरं काही सुचलं नाही. घरी आलो आणि आडवा झालो. आज पाचवा दिवस. खोकतो पण. माणूस परत आजारी पडला तर नवस लागू होत नाही, असा माझा अंदाज आहे. बेल्मीराने पाणी पुन्हा सुरू केलंय, आता त्यात अंडं पण घालते.

काय करू?

लिनो


सॅन होजे, ४ जानेवारी

लाडक्या लिनो,

देव तुला लवकर बरं न करो.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, हे ऐकलं होतं. पण रिकामा इंजिनियर कालवडीसाठी खोकतो, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच. आयुष्यभर लोक आजारी असताना कामावर जातात. तू एकटाच असा निघालास की ज्याला धडधाकट असण्यापासून सुट्टी घ्यावी लागली.

तुझ्यासाठी निरोप आहे. मेरेडिथ परवा आली. तू जे सोडून गेलास त्या कामातलं तुझ्यानंतर कुणालाच काही जमत नाही म्हणे. परत ये, आधीपेक्षा जास्त देऊ, मार्चअखेर कळव. पत्र टाकणार आहे, तोवर तोंडी सांगितलंय. तो कसा आहे, असं विचारलं. मी म्हटलं, सध्या अंथरुणाला खिळलाय. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. मी म्हटलं, सूपात क्रीम घालू का?

आता चेष्टा बाजूला ठेवते. जास्त वेळ ठेवता येत नाही, तेवढ्यात वाच.

तू आजारी नव्हतास असं तुला कुणी सांगितलं?

शेवटची दोन वर्षं तू माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने जेवायचास. झोपेत दात खायचास, ते भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं. कपाला हात लावलास की बशी वाजायची. एकदा मी विचारलं, मीठ बरोबर आहे का? तू म्हणालास, उद्या बघून सांगतो. मी ते सगळ्यांना हसून सांगितलं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इथे तुझ्यासारखे पुष्कळ आहेत, रोज माझ्यासमोर वाडगा धरून उभे राहतात, म्हणून कुणाला काही वाटत नाही. सगळंच गाव तापाने फणफणलं की अंगाला हात लावून कुणाला कळणार?

खालच्या गावातल्या अडाणी बायकांना ते लांबून दिसलं. कारण त्यांनी तुला त्याआधी बघितलं नव्हतं, आणि त्या गुरं बघतात.

तुला खरं काय वाटतं ते लिही. आणि आधी अंथरुणातून ऊठ. नवसाचं खोटं खोकून चुकवता येत नाही. तो काय इन्कमटॅक्स आहे?

देओलिंडा


साओ जॉर्ज बेट, २ फेब्रुवारी

तीया,

उठलो.

तुझं पत्र भिंतीवर बसून वाचलं. मिमोझाने अर्धं पाकीट खाल्लं.

खरं सांगायचं तर इथे आल्यावर पहिले कित्येक दिवस मी नुसता झोपत होतो. झोपाळा, समुद्र हे मी तुला नंतर लिहिलं. आधी फक्त छताकडे बघत पडायचो, आणि उठलो की छातीत कुणीतरी धावत असायचं. बेल्मीरा यायची, वाडगा ठेवायची, विणत बसायची. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की माझा जबडा सैल आहे. इतक्या वर्षांत तो आवळलेला होता हेच मला माहीत नव्हतं. बशी आता वाजत नाही.

म्हणजे मी आजारी होतो. आणि बरा झालो. म्हणजे नवस खरा आहे, आणि मिमोझा जाणार.

गेल्या वादळात म्हातारी गाय मेली. आता गोठ्यात मिमोझा एकटीच आहे, शिंगाला फीत.

मेरेडिथचं पत्र आलं. मी बसून विचार केला. परत गेलो तर एका महिन्याच्या पगारात बेल्मीराला गोठा भरून गाई घेता येतील. त्यासाठी परत जायचीही गरज नाही, माझ्याकडे आत्ताच आहेत पैसे. म्हणून मी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं, मिमोझाच्या जागी दुसरी कालवड मी विकत आणून देतो, ती सणाला जाऊ दे. मला वाटलं हे इतकं सोपं आहे, आधी का सुचलं नाही.

ती विणायची थांबली. "पोरा," म्हणाली, "विकत आणलेल्या गाईने नवस फिटत असता, तर श्रीमंत माणसं मेलीच नसती."

त्यानंतर दोन दिवस तिने माझ्याकडे बघितलं नाही. वाडगाही नाही. तीया, त्या बाईने माझ्यासाठी स्वतःचं सगळं देऊ केलं आणि मी तिला किंमत विचारून आलो.

तू या गावची आहेस. काहीतरी सांग. वासरू एप्रिलमध्ये होईल.

लिनो


सॅन होजे, २१ फेब्रुवारी

लाडक्या लिनो,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी लिहायला बसले.

तुझा बाप लहानपणी तापाने सुकून काटकी झाला होता. तेव्हा आमच्या वडिलांनी गोठ्यातला बैल नवसाला बोलला. पोरगा वाचला. पण बैल गेला तर नांगर कोण ओढणार? आई रडायची. सणाचा मुकुट दरवर्षी एका घरी ठेवतात आणि ते घर सगळ्यांना जेवण देतं; तेव्हा तो ज्याच्या घरी होता तो म्हातारा येऊन सांगून गेला, बरा होत असलेला वेगळा आणि बरा झालेला वेगळा. नवस फेडायचा तो बरा झालेल्याने, स्वतःच्या पायाने, स्वतःच्या हाताने. बोललेल्या जनावराच्या बदल्यात त्याच गोठ्यात जन्मलेलं जनावर त्याने वाढवायचं, आणि स्वतः दावं धरून चर्चच्या दारात आणायचं. तोवर देव थांबतो. त्याला कुठे घाई आहे.

तुझ्या बापाने वर्षभर एक गोऱ्हा वाढवला. केवढासा होता तो, दाव्यामागे फरफटत जायचा. पण आणला दारात. बैल वाचला.

बेल्मीराला हे आठवत असणार. त्या जेवणात तिने दोनदा वाढून घेतलं होतं, मी मोजत होते, कारण मला एकदाच मिळालं. तिला विचार. पैशाचं नाव काढू नकोस, आजोबांचं काढ.

पण दोन गोष्टी ऐकून ठेव. मिमोझाला गोऱ्हा व्हायला हवा. कालवड झाली तर ती बदल्यात चालत नाही, मग मलाही काही सुचत नाही. आणि गोऱ्हा झालाच तर वर्षभर. सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो, वारा असो. वैरण, शेण, पाणी. त्याला शनिवार-रविवार नसतो. निवृत्त माणसाला झेपेल का बघ.

मेरेडिथला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. यायचं ठरवलंस तर मागची खोली रिकामी आहे. भाडं मात्र वाढवलंय, इथली रीतच आहे. नाही आलास तरी मी रुसणार नाही. पण जे करशील ते पाय रोवून कर. आमच्यात कुणी अर्धवट रांधत नाही.

देओलिंडा


साओ जॉर्ज बेट, ईस्टरनंतरचा मंगळवार

तीया,

गोऱ्हा.

पहाटे बेल्मीराने भिंतीवर काठी आपटली. मी गेलो तर मिमोझा खाली बसलेली, दोन पाय बाहेर आलेले आणि पुढे काही सरकेना. बेल्मीराच्या हातात जोर राहिला नाही. ती म्हणाली, धर आणि ती कळ देईल तेव्हाच ओढ, आपल्या मनाने ओढू नकोस. मी आयुष्यभर आपल्या मनाने ओढत आलोय. या वेळी थांबलो. कळ आली की ओढायचं, गेली की थांबायचं. एकदम सगळं बाहेर आलं आणि मी मागे शेणात बसलो, मांडीवर ओलं वासरू.

बेल्मीराने शेपूट वर करून बघितलं. मला बघायचा धीर नव्हता.

मग तिने फीत मिमोझाच्या शिंगावरून सोडली आणि वासराच्या गळ्यात बांधली. मी तिला तुझी गोष्ट महिन्यापूर्वीच सांगितली होती. तेव्हा ती फक्त "बघू" म्हणाली होती. आता माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "चेहऱ्यावर अजून अशक्तपणा आहे तुझ्या. एक वर्ष तरी लागेल." आणि चिकाच्या दुधाचा पहिला वाडगा मला दिला.

मेरेडिथला मार्चमध्येच लिहिलं होतं. गोऱ्हा होईल की नाही माहीत नव्हतं तेव्हाच. म्हटलं, मी इथे सकाळ-संध्याकाळ बांधलेला आहे, सुट्टी मिळणं शक्य नाही. तिने उलट विचारलं, कुठली कंपनी?

लिनो


सॅन होजे, ६ मे

लाडक्या लिनो,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते कॅन्टीनमध्ये नेलं आणि भांडी घासणाऱ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेपूट वर केलं तिथे सगळ्यांनी नळ बंद केले.

एकच सांगते. त्याला नाव ठेवू नकोस.

देओलिंडा


साओ जॉर्ज बेट, ८ मार्च

तीया,

मधल्या काळात दोन ओळींच्या वर लिहिलं नाही म्हणून तू शिव्या घातल्यास, त्या पोचल्या. वेळ मिळत नाही गं. हसू नकोस.

नाव ठेवलं नाही. नुसती हाक मारतो आणि तो येतो. माझ्या छातीएवढा झालाय. कड्यावरच्या कुरणात नेतो तेव्हा वाटेत पाठीला डोकं लावून ढकलतो, म्हणजे मी हळू चालतोय. काठ्या दोन्ही त्याने चावून टाकल्या. सणाला त्याचं दावं मलाच धरायचंय हे मला माहीत आहे. त्याला माहीत नाही. रोज सकाळी मी गोठ्यात आधी मिमोझाकडे बघतो, मग त्याच्याकडे. मिमोझाचं दूध बेल्मीरा स्वतः डेअरीला नेते, मी किटलीला हात लावलेला तिला खपत नाही. तिथे रांगेत उभी राहून सगळ्यांची उणीदुणी काढते आणि ताजीतवानी होऊन परत येते. त्या चालीकडे बघितलं की दावं धरायची ताकद येते.

मी अजून स्वतःला निवृत्तच म्हणवतो. कुणी विश्वास ठेवत नाही.

मुख्य गोष्ट लिहायची राहिली. परवा मला संध्याकाळच्या धारेला उशीर झाला. पोचलो तर जेर्मानो वाटेत उभा. टोपी डोक्यावर तशीच. सगळ्यांसमोर मला म्हणाला, आळशी, ऐतखाऊ, अमेरिकेने बिघडवलेला बैल. आणि आणखी एक शब्द, तो पत्रात लिहिता येणार नाही.

गावात मला पहिल्यांदाच कुणीतरी शिवी दिली. मी बरा झालो, तीया.

सणाला ये. मुकुट या वर्षी बेल्मीराच्या घरी आहे आणि रस्सा तिच्या एकटीने होणार नाही. सुट्टी माग. नाही दिली तर मी मेरेडिथला लिहितो.

लिनो


सॅन होजे, २ एप्रिल

लाडक्या लिनो,

सुट्टी मागितली नाही. ॲप्रन काढला, घडी घातली आणि देऊन टाकला.

घर विकलेलं नाही, उगीच उड्या मारू नकोस. गॅरेजमधल्या पोरीला स्वयंपाकघर वापरायला दिलंय, ती माझी पुदिन्याची कुंडी सांभाळेल. येताना दोन जुड्या घेऊन येतेय, कारण रश्श्यात पुदिना कमी घालण्याची बेल्मीराला लहानपणापासून खोड आहे. तिथे किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही. मी तुझ्यासारखा हिशोब मांडत नाही. कंटाळा आला की परत येईन आणि पुन्हा डाव मागेन. देतील. माझ्यासारखं सूप त्यांना मशीनने जमत नाही, त्यांनी करून बघितलंय.

दावं तू धर, मी शेजारून चालेन. रडू आलं तर दारातच रडून घे. एकदा पाव वाढला की कुणाचं लक्ष नसतं, सगळे खाली बघून जेवतात. आणि पहिला वाडगा जेर्मानोला द्यायचा. त्याने तुला शिवी दिली, तेवढं औषध मला कधी जमलं नाही.

कामाचा शेवटचा दिवस कसा झाला ते सांगते आणि संपवते. मी सगळ्यांना सांगितलं, आजपासून येणार नाही, निवृत्त झाले. मग एक भलं मोठं कार्ड आलं, फुलांचं, त्यावर सगळ्यांच्या सह्या आणि वर लिहिलेलं, लवकर बऱ्या व्हा. मेरेडिथ रांगेत उभी राहून आली. वाडगा नव्हता हातात. माझा हात दाबला आणि आवाज खाली आणून म्हणाली, देओलिंडा, डॉक्टर काय म्हणतात?

मी म्हटलं, वर्षभर गाईचं दूध आणि समुद्राची हवा. तिने ते लिहून घेतलं. मला वाटतं ती स्वतःसाठीच लिहून घेत होती.

मी ठणठणीत आहे. सणाच्या दहा दिवस आधी बोटीने धक्क्यावर उतरेन, बॅग घ्यायला ये.

फक्त एक कर. मी नोकरी सोडून आलेय हे बेल्मीराला सांगू नकोस. रजेवर आलेय म्हण. तिच्या गोठ्यात आता एकच गाय उरलीय.

देओलिंडा